हलीमाबीच्या कानांसाठी

लेकरू पाळण्यात रडत होतं आणि हलीमाबी पाळण्याला पाठ करून सुपात गहू निवडत बसली होती. जहाँआरा विहिरीवरून पाणी घेऊन आली, तेव्हा रडून रडून लेकराचा आवाज बसला होता, तोंड लालबुंद झालं होतं. घागर तिथंच टाकून तिनं त्याला छातीशी धरलं.

"अम्मी, हे काय वो? लेकरू केवढं रडून राह्यलं, अन् तू इथं बसून!"

हलीमाबीनं मान वर केली. लेकीचे ओठ हलताना दिसले, डोळ्यांतला राग दिसला. मग तिचं लक्ष लेकराच्या उघड्या तोंडाकडं गेलं आणि हातातलं सूप कलंडलं.

जहाँआरा बाळंतपणाला अकोटहून अकोल्याला माहेरी आली होती. संध्याकाळी ताहेर रेडिओ-दुरुस्तीचं दुकान बंद करून घरी आला, तेव्हा तिनं बापाला बाजूला घेऊन सारं सांगितलं. ताहेरला त्यात नवं वाटलं नाही, आणि त्याचंच त्याला वाईट वाटलं. मागच्या हिवाळ्यात हलीमाबीला मुदतीचा ताप आला होता. ती वाचली, पण अंथरुणावरून उठली ती काहीतरी हरवूनच. चिमण्या हल्ली ओरडत नाहीत, असं ती एकदा म्हणाली होती. दारावरची कडी वाजली तर उठत नव्हती. ताहेरनं मनाची समजूत काढली होती, की अशक्तपणा आहे, जाईल.

हलीमाबी अंजनगाव सुर्जीची. लग्न असो की बारसं, मोहल्ल्यातल्या बायका तिला बोलावायला यायच्या. ढोलकी कुणीही वाजवो, गाणं उचलायचं हलीमाबीनं. ताप गेल्यावर ती एका लग्नाला गेली आणि गाणं अर्ध्यात ठेवून परत आली. काय झालं, हे तिनं सांगितलं नाही. बरोबर गेलेल्या बाईनं सांगितलं, की तिचा सूर एकीकडं चालला होता आणि बाकीच्यांचा दुसरीकडं. त्यानंतर कुणी बोलवायला आलं नाही.

ताहेरनं तिला नागपूरच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं कानाजवळ सूर काढणारे लहानमोठे पोलादी चिमटे वाजवून पाहिले. जाड आवाज तिला बरे ऐकू येत होते, बारीक आवाज जवळजवळ नाहीत. नस दुखावली आहे, त्याला औषध नाही, असं त्यानं सांगितलं. विलायतेत विजेची कानयंत्रं मिळतात म्हणे. पण लढाई चालू होती आणि बोटीनं येणाऱ्या मालात रेडिओचे काचेचे व्हॉल्वसुद्धा नव्हते, तिथं कानयंत्र कुठून येणार!

परतीच्या गाडीत ताहेर खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "म्या बनवतो."

हलीमाबीला ऐकू गेलं नाही. तिनं त्याच्या दंडाला हात लावला तेव्हा तो तिच्याकडं वळून मोठ्यानं म्हणाला, "यंत्र! तुयासाठी म्या बनवतो!"

डब्यातली माणसं पाहू लागली. ती लाजली आणि हसली.

ताहेरच्या हाताला रेडिओची चांगली सवय होती. जुन्या टेलिफोनचा मायक्रोफोन, मोडक्या रेडिओतले दोन व्हॉल्व, आणि कानाला लावायचे फोन असं जमवून त्यानं यंत्र उभं केलं. ते अंगावर वागवण्यासारखं नव्हतं; खिडकीजवळच्या टेबलावर मांडून विजेच्या तारेला जोडावं लागे. पहिल्या दिवशी त्यानं मोठ्या हौसेनं फोन तिच्या कानांना लावले आणि मायक्रोफोनवर वाकून बोलला, "हलीमा, कसं वाट्टे?"

तेवढ्यात रस्त्यावरून सरकीच्या पोत्यांची बैलगाडी गेली. हलीमाबीनं किंचाळून फोन ओढून काढले. डोक्यात दगड गडगडल्यासारखं झालं, ती म्हणाली. जे आवाज तिला आधीच ऐकू येत होते तेच यंत्रानं दसपट केले होते, आणि जे हवे होते ते त्या गडगडाटाखाली गाडले गेले होते.

तेव्हा ताहेर अमरावतीला गेला. तिथल्या कॉलेजात वामनराव पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते. त्यांचा रेडिओ ताहेरनं दोनदा दुरुस्त केला होता, आणि दोन्ही वेळा ते दुकानातल्या बाकावर गप्पा मारत बसले होते. मोठ्या झुपकेदार मिशांचा, भडाभडा बोलणारा माणूस. ताहेरनं त्यांना सगळं सांगितलं.

"भाभींना ऐकू येतात ते आवाज दाबायचे, अन् येत नाहीत ते जाऊ द्यायचे," ते म्हणाले. "कंडेन्सर हेच काम करतो, ताहेरमियाँ. जाड सुराला तो अडवतो, बारीक सुराला वाट देतो. प्रश्न एवढाच, की कोणत्या सुराला किती."

त्यांनी प्रयोगशाळेतलं सूर काढायचं यंत्र सुरू केलं. त्याला एक कंडेन्सर आणि प्रत्येक सुराला सारखाच अडवणारा तीस हजार ओहमचा रेझिस्टन्स एकामागोमाग जोडला. सूर सेकंदाला चारशे हेलकाव्यांचा ठेवला, आणि यंत्रातून दहा व्होल्ट सोडले.

"मोजा," ते म्हणाले.

ताहेरनं कॉलेजचा चांगला व्होल्टमीटर आधी रेझिस्टन्सला लावला. सहा. मग कंडेन्सरला लावला. आठ. त्यानं तारा तपासल्या, पुन्हा लावल्या. पुन्हा सहा आणि आठ.

"मास्तर, मीटर बिघडला तुमचा. दहा गेले अन् चौदा निघाले काय?"

वामनराव खूश झाले. दरवर्षी पोरांना चकवायला हीच युक्ती ते वापरत असावेत. "मीटर चांगला आहे. बॅटरी असती तर बेरीज दहाच आली असती. ही वीज मात्र सारखी उलटसुलट धावते. रेझिस्टन्सवरचा दाब, म्हणजे हे व्होल्ट, प्रवाहाच्या बरोबर उठतो अन् बरोबर उतरतो. कंडेन्सरचं तसं नाही. तो आधी भरला पाहिजे, मग त्याचा दाब वर येतो. म्हणून तो पाव फेरा मागं राहतो. एक शिखरावर असतो तेव्हा दुसरा शून्यावर. वेगवेगळ्या वेळी वर येणाऱ्यांची सरळ बेरीज कशी करणार?"

त्यांनी फळ्यावर काटकोन काढला. आडव्या बाजूवर सहा लिहिले, उभ्या बाजूवर आठ. "सहाचा वर्ग छत्तीस, आठाचा चौसष्ट. दोन्ही मिळून शंभर. शंभराचं मूळ?"

"दहा," ताहेर म्हणाला, आणि फळ्याकडं पाहतच राहिला. आयुष्यभर त्यानं कंडेन्सर जोडले होते, जळालेले बदलले होते. आत हे असं चाललेलं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुपारभर दोघांनी हिशेब मांडला. सूर दुप्पट उंच केला की कंडेन्सरची अडवणूक निम्मी होते. अर्ध्यावर आणला की दुप्पट. सोळाशे हेलकाव्यांवर रेझिस्टन्सच्या वाट्याला साडेनऊ व्होल्ट आले. दोनशेवर जेमतेम साडेतीन. म्हणजे यंत्राची पुढची तार रेझिस्टन्सवरून घेतली, तर बैलगाडीचा गडगडाट मागं पडणार आणि लेकराच्या रडण्यातली धार पुढं येणार. कंडेन्सर आणखी लहान घेतला तर जाड सुरांची ही काटछाट आणखी वरच्या सुरांपर्यंत जाईल, तेही वामनरावांनी मांडून दाखवलं. वर्गमूळ काढताना ताहेर चुकायचा, ते दुरुस्त करायचे. निघताना त्यांनी कपाटातले दोन कंडेन्सर ताहेरच्या खिशात घातले. "कॉलेजचे नाहीत, माझे आहेत," ते म्हणाले.

जहाँआरा अजून माहेरीच होती. ताहेरनं यंत्र पुन्हा जुळवलं आणि हलीमाबीला टेबलाशी बसवलं. फोन लावून घेताना ती डोळे मिटून, अंग चोरून बसली. गडगडाट झाला नाही. जहाँआरा लेकराला घेऊन मायक्रोफोनपाशी आली. लेकरू रडत नव्हतं, नुसतं तोंडानं बुडबुडे काढत कूं कूं करत होतं.

हलीमाबीनं डोळे उघडले.

"हे कोन बोलून राह्यलं?" तिनं विचारलं. मग तिचं तिलाच कळलं. तिनं नातवाला लेकीच्या हातातून घेतलं, त्याचं तोंड मायक्रोफोनजवळ धरलं आणि तो कंटाळून रडू लागला तरी ते रडणं ऐकत बसली. जहाँआरा म्हणाली, "अम्मी, आता पुरे," तर म्हणाली, "रडू दे त्याले. दोन घडी रडू दे."

ताहेर अंगणात जाऊन उभा राहिला. त्याला घरात थांबवलं नाही.

हे सुख हिवाळा लागेपर्यंत टिकलं. जहाँआरा सासरी गेली. मग एक दिवस ताहेरच्या लक्षात आलं, की यंत्राची आवाजाची खुंटी रोज थोडी जास्त पिळावी लागते. त्यानं घरीच एका व्हॉल्वचं सूर काढायचं यंत्र बनवलं होतं. शुक्रवारी नमाज पढून आला, की तो हलीमाबीची परीक्षा घ्यायचा. सूर ऐकू आला की तिनं बोट वर करायचं. बारीक सुरांना बोट वर यायचं बंद झालं. त्यानं कंडेन्सर लहान केला, पुन्हा हिशेब मांडला, आणखी एक व्हॉल्व लावला. रेझिस्टन्सवर व्होल्ट हवे तेवढे मिळत होते, मीटर दाखवत होता. पण त्या सुरांना घ्यायला पलीकडं कुणी उरलं नव्हतं. नागपूरचा डॉक्टर म्हणाला होता, की दुखावलेली नस कधी कधी हळूहळू विझत जाते. ताहेरनं ते हलीमाबीला सांगितलं नव्हतं.

आता तिच्याकडं उरले होते ते फक्त जाड आवाज.

काय करायला हवं ते ताहेरला कळलं, आणि त्यासाठी अमरावतीला जायची गरज नव्हती. पहिला मोठा कंडेन्सर परत लावायचा, रेझिस्टन्स तोच. पुढची तार रेझिस्टन्सवरून काढायची आणि कंडेन्सरवर लावायची. दोनशे हेलकाव्यांवर रेझिस्टन्सला साडेतीन मिळत होते, तेव्हा कंडेन्सरला साडेनऊच्या आसपास मिळत होते. आजवर ते वाया घालवले. आता तेच घ्यायचे. पाच मिनिटांचं काम. पण डाक द्यायची तापलेली डाकणी हातात घेऊन तो तारेकडं पाहत बसला. तार इकडून तिकडं गेली, की जहाँआराचा आवाज गेला, लेकराचा गेला, अंगणातल्या बायकांचा गेला. ते आधीच गेले होते, हे त्याला माहीत होतं. तरी ती तार स्वतःच्या हातानं तोडायची होती.

त्यानं तोडली.

"हलीमा," तो मायक्रोफोनवर वाकून म्हणाला.

"येऊन राह्यला," ती म्हणाली. "तुमचाच आवाज हाय. रांजणात तोंड घालून बोलल्यावानी येते."

"चांगला येते?"

"हव. चांगला येते."

त्या थंडीत ताहेर बायकोशी जेवढं बोलला, तेवढं संसाराच्या इतक्या वर्षांत बोलला नव्हता. दुकानातून आला की हातपाय धुऊन टेबलाशी बसायचा, आवाज खाली उतरवून, छातीतून काढून बोलायचा. कुणाचा रेडिओ आला, लढाईच्या बातम्या काय आहेत, अकोटला कपाशीची काय आवक आहे. मायक्रोफोन जुना होता, तोंड अगदी त्याला टेकवावं लागे. हलीमाबी फोन लावून समोर बसायची आणि योग्य वेळी मान हलवायची. मधूनच हसायचीही. शुक्रवारच्या परीक्षेत तिचं बोट नेमानं वर यायचं. ताहेरनं वामनरावांना कळवलं, की तार उलटी लावल्यापासून कानांची घसरण थांबली आहे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी असाच एक शुक्रवार होता. बाहेर ऊन तापलं होतं, रस्ता सामसूम होता. ताहेरनं खुंटी फिरवून दोनशेचा सूर काढला. हलीमाबीचं बोट वर आलं. दीडशे. बोट वर आलं. त्यानं हळू केला, तरी आलं. "वा!" तो स्वतःशीच म्हणाला. मग कंडेन्सर बदलून पाहावा म्हणून त्यानं यंत्राचा डबा आपल्याकडं फिरवला.

फोनची तार डब्यापासून सुटून लोंबत होती. सांध्याचा डाक निघाला होता. टोकावर धूळ बसली होती.

ताहेरनं ती तार दोन बोटांत धरली. मग वर पाहिलं. हलीमाबी त्याच्याकडंच पाहत होती. तिचं बोट अजून अर्धवट वर होतं. तिनं ते सावकाश खाली आणून मांडीवर ठेवलं.

"कवापासून?" त्यानं विचारलं. आवाज फुटलाच नाही, नुसते ओठ हलले. पण तिला समजलं.

"लय दिवस झाले," ती म्हणाली. "थंडी होती तवापासून. तार तर मागून सुटली, कान आधीच गेले."

"मंग बोट कसं वर करत होती?"

"तुमी खुंटी फिरवता तवा भुवया वर करता. म्या तुमचं तोंड पायतो."

"मले सांगितलं काहून नाही?"

तिनं कानांवरचे फोन काढले, टेबलावर ठेवले. "काय सांगू? दुकानातून घाईघाईनं येत होते, पोरासारखे खूश होऊन बसत होते. म्या म्हटलं, चालू द्या."

ताहेर उठला. "आनखीन एक व्हॉल्व हाय माह्याजवळ. कंडेन्सर दुप्पट करून पायतो. दाब वाढला तर—" बोलताना तो कपाटाकडं वळला होता. मागून काही उत्तर आलं नाही म्हणून त्यानं वळून पाहिलं. ती त्याच्या पाठीकडं बघत बसली होती, पुन्हा तोंड दिसायची वाट पाहत.

तो परत येऊन समोर बसला.

"एक सांगू? राग नोका धरू," ती म्हणाली. "तुमी त्या डब्यात तोंड घालून बोलता. मले निस्तं तुमच्या डोक्याचं टक्कल दिसते. सारी थंडी तुमी बोलले अन् म्या टक्कल पायलं. तोंड वर करून बोलले असते, तर अर्धं तरी समजलं असतं."

ताहेरला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. संसारात ती त्याला पहिल्यांदाच असं रडताना पाहत होती. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, हनुवटी धरून वर केलं आणि म्हणाली, "आता बोला. इकडं पाहून बोला."

 तो म्हणाला, "डाळ खारट झाली होती सकाळी."

तिनं डोळे बारीक करून त्याचे ओठ पाहिले. "दार?" तिनं विचारलं. "दाराचं काय झालं?"

तो तेच पुन्हा म्हणाला. पुन्हा. तिसऱ्यांदा तिला कळलं, आणि तिनं कबूल केलं, की हव, खारट झाली होती.

रेडिओच्या सामानाची टंचाई होतीच. यंत्रातले व्हॉल्व एकेक करून गिऱ्हाइकांच्या रेडिओंत गेले. टेबल रिकामं झालं, त्यावर हलीमाबीनं लोणच्याच्या बरण्या मांडल्या.

पुढं काही महिन्यांनी वामनराव काही कामानं अकोल्याला आले. ताहेरनं त्यांना काहीच कळवलं नव्हतं. ते घरी आले ते उत्साहातच. एकाऐवजी दोन कंडेन्सर आणि दोन रेझिस्टन्स पाठोपाठ जोडले, तर नको असलेला सूर कसा आणखी झपाट्यानं कापता येतो, हे त्यांनी नव्यानं मांडलं होतं. खुर्चीवर बसता बसताच ते सांगू लागले. ताहेरनं त्यांना थांबवलं नाही. दोनशेला किती, चारशेला किती, सगळं ऐकून घेतलं. माणूस एवढ्या आपुलकीनं घेऊन आला होता. तेवढ्यात हलीमाबी चहा घेऊन आली.

"भाभी, आता कसं ऐकू येतं?" वामनरावांनी विचारलं.

हलीमाबीनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मिशांत ओठ दिसतच नव्हते. ती ताहेरकडं वळली. ताहेरनं ते वाक्य आवाज न करता, सावकाश, तिच्यासाठी पुन्हा म्हटलं.

"आता काईच येत नाई, भाऊ!" ती म्हणाली. आवाज एवढा मोठा आणि सपाट होता, की वामनरावांच्या हातातल्या बशीत चहा सांडला. आपला आवाज केवढा जातो, हे तिला आता कळत नसे. शेजारच्या बायका हसत. जहाँआरानं एकदा बापाला सांगूनही पाहिलं होतं, की अम्मीला जरा हळू बोलायला सांगा. ताहेरनं सांगितलं नव्हतं.

वामनरावांनी बशी खाली ठेवली. हातातल्या कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मग चहा पिताना जे बोलले ते फक्त घरादाराचं. प्रत्येक वाक्यानंतर ते थांबत, ताहेरचे ओठ हलून होईपर्यंत वाट पाहत, आणि हलीमाबी उत्तर देई. गप्पांना वेळ लागत होता, पण कुणी घाई केली नाही.

ताहेर त्यांना स्टेशनावर पोचवायला गेला. बडनेऱ्याकडची गाडी यायला अवकाश होता. दोघं फलाटावर उभे राहिले.

"आपल्या हिशेबात कुठं चूक झाली का, हेच पाहत होतो मघाशी," वामनराव म्हणाले. "सापडली नाही."

"नव्हतीच, मास्तर," ताहेर म्हणाला. "तिनं लेकराचा आवाज ऐकला न त्याच्यातून. काही महिने का होईना."

वामनरावांनी मान हलवली. त्यांना आणखी काही बोलायचं होतं, पण गाडी आली.

ताहेर चालत घरी आला. हलीमाबी चुलीपुढं पाठमोरी बसून भाकर थापत होती. तो उंबरठ्यावर थांबला. हाक मारण्यात अर्थ नव्हता, आणि मागून खांद्याला हात लावला तर ती दचकायची. तो भिंतीच्या कडेनं वळसा घालून तिच्या समोर गेला, तिची नजर वर येईपर्यंत उभा राहिला, आणि मग म्हणाला, "आलो."